बारावा पेला

पांढऱ्या कागदावर ठेवला तेव्हाच तो रंग दिसला.

तोवर टेबलावरचे सगळे पेले सारखे होते. एकेक पुसून मी रांगेत मांडत होते. शेवटच्याला जागा उरली नाही म्हणून तो शेजारच्या कोऱ्या फुलस्केपवर टेकवला आणि सहज वरून पाहिलं. काठाशी काच पातळ होती, तिथे काही नाही. बुडाशी ती जवळजवळ बोटभर जाड होती, तिथे फिकट जांभळट झाक. जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर जो रंग राहतो तो तासाभराने जेवढा उरेल, तेवढीच. मी रांगेतला एक पेला उचलून त्याच्याजवळ ठेवला. तो पाण्यासारखा स्वच्छ होता.

"काय दिसलं?" अण्णांनी विचारलं. ते खुर्चीवर उभे राहून माळ्यावरचं काहीतरी ओढत होते.

"अजून काही नाही."

"म्हणजे काहीतरी दिसलंय."

"अण्णा, तुम्ही आधी खाली उतरा."

ही एक्क्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी तेहतीस वर्षांची होते आणि पुण्याच्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काम करत होते. माझ्याकडे काच यायची. अपघातातल्या गाड्यांची, फोडलेल्या खिडक्यांची, कुणाच्या सदऱ्याला चिकटलेले कण. दोन तुकडे एकाच काचेचे आहेत का, एवढंच मी सांगायचे. अण्णा साताऱ्याला शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाले होते. आई जाऊन आठ वर्षं झाली होती. पंधरा दिवसांनी ते बडोद्याला माझ्या भावाकडे कायमचे राहायला जाणार होते, आणि पोवई नाक्याजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांतलं सामान एकेक करून मार्गी लागत होतं. पुस्तकं शाळेला गेली होती. कपाट शेजाऱ्यांनी नेलं होतं.

पेल्यांचं खोकं मात्र अडलं होतं. माझे आजोबा कोरेगावला वकील होते. तीस सालाच्या सुमारास त्यांनी मुंबईहून हे बारा पेले आणले. साच्यात दाबून केलेली जाड काच, खालच्या अर्ध्या भागावर शंकरपाळ्यांची नक्षी. आईने ते जुन्या पातळाच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवले होते आणि खोक्यावर शाईने लिहिलं होतं, "विदूच्या लग्नात".

पेले तुला हवे आहेत की विकू, असं अण्णांनी पत्रात विचारलं होतं. उत्तरात मी त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली होती.

"दहाला तय्यबभाई येतील," खुर्चीवरून उतरत अण्णा म्हणाले. "जुन्या काचेतला माणूस आहे, पुण्याहून मुद्दाम येतोय. तो दारात यायच्या आत सांग. हवेत की नकोत?"

"बघू."

"बघू! बारशाला उगाच विदुला नाव ठेवलं. 'बघू'च ठेवायला हवं होतं."

"विकले तरी चालतील," मी म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत एखाद्या मुलाने उत्तर बरोबर आणि रीत चुकीची लिहिली की ते असे बघायचे. मग हात धुवायला आत गेले.

मी आदल्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने आले होते ती त्यांना एक गोष्ट सांगायला. रत्नाकर साळवे आमच्याच प्रयोगशाळेत बंदुकीच्या गोळ्या तपासायचा. त्याचे आजोबा जालन्याजवळच्या एका खेड्यात गावकुसाबाहेर राहिलेले, वडील रेल्वेत, आणि तो पदार्थविज्ञानाचा एम.एस्सी. चार वर्षांत त्याने मला तीनदा लग्नाचं विचारलं होतं. मी एकदाही नाही म्हटलं नव्हतं. आमच्या अहवालात एक ठरलेलं वाक्य असतं, 'दोन्ही नमुने एकाच उगमाचे असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' रत्नाकर म्हणायचा, "तुझं 'हो'सुद्धा असंच येणार, खाली सही-शिक्क्यासकट."

आता त्याची नागपूरला बदली झाली होती. बुधवारी निघणार होता. शुक्रवारी कॅन्टीनमध्ये त्याने चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून आत पडलं, आणि ते चमच्याने शोधत तो म्हणाला, "विदुला, चौथ्यांदा मी विचारणार नाही. रागानं नाही सांगत. पण नमुना वेळेत आला नाही की केस बंद होते. तुला माहितीये."

मग बिस्किट सापडलं तेव्हा हसला. मला हसता आलं नाही.

शनिवारी संध्याकाळी अण्णांनीच वाट करून दिली होती. "तुझे ते गोळ्यांवाले साळवे काय म्हणतात?"

"त्यांची बदली झाली. नागपूरला."

"अरे वा. संत्री खातील." आणि मी दूध तापवायला उठले.

अण्णा ओरडतील अशी मला भीती नव्हती. ते कधी कुणावर ओरडलेच नव्हते. उलट आमच्या घरात एक गोष्ट होती, ती मी लहानपणापासून ऐकत आले होते. अण्णा हायस्कूलमध्ये असताना केरबा नावाचा एक मुलगा त्यांच्याबरोबर अभ्यासाला कोरेगावच्या घरी यायचा. तेव्हाच्या भाषेत अस्पृश्य. गावात त्याला कुणी पाण्याला उभं करत नसे. आजोबांनी मात्र मुंबईच्या संचातला पेला त्याला दिला. आपण ज्यातून पितो त्यातलाच. त्यावरून गल्लीतल्या बायकांनी आजीकडे हळदीकुंकवाला येणं बंद केलं, तरी आजोबा बधले नाहीत. अण्णा ही गोष्ट पाहुण्यांना सांगत, शाळेत सांगत. शेवट नेहमी एकच असे, "आमच्याकडे तसलं काही नव्हतं. एकाच संचातले पेले."

दोन वर्षांपूर्वी ही गोष्ट मी रत्नाकरला सांगितली होती. जरा अभिमानाने. त्याने ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "आणि तो पेला ठेवायचे कुठे?"

"म्हणजे?"

"पाणी पिऊन झाल्यावर."

मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याने पुन्हा तो प्रश्न काढला नाही. मी मात्र साताऱ्याला आले की त्या खोक्याकडे बघत असे, आणि जे सांगायला आले ते न सांगता परत जात असे.

दहाला पाच कमी असताना तय्यबभाई आले. पांढरी दाढी, सोनेरी किनारीची टोपी, हातात डॉक्टरासारखी बॅग. खोलीत शिरताच त्यांची नजर टेबलावर गेली, पण खुर्चीवर बसून, घाम पुसून, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलून झाल्याशिवाय त्यांनी एकाही पेल्याला हात लावला नाही.

मग पहिला पेला उचलून त्यांनी नक्षीवरून अंगठा फिरवला. "साच्याचा माल. हातानं कापलेला असता तर बोटाला चावला असता. हा बघा, शंकरपाळी गोल, मऊ. बेन, तुम्ही पण बघा."

"मी पाहिलंय."

"बेन माहितगार दिसतात."

"सरकारी काच फोडते ती," अण्णा म्हणाले.

"फोडत नाही. फुटलेली तपासते."

तय्यबभाई खूश झाले. त्यांनी पेला उजेडात फिरवला. वरून खाली उतरणाऱ्या तीन बारीक रेघा दाखवल्या. "साचा तीन फाकांचा. फाका जुळतात तिथं ही रेघ येते. आणि आत, बुडाला, केसासारखी सुरकुती आहे, दिसली? तापलेल्या काचेचा गोळा कात्रीनं कापून साच्यात टाकतात. त्या कात्रीचा वण."

"बेल्जियमचे आहेत," अण्णा म्हणाले.

"सर, सगळेच बेल्जियमचे म्हणतात. माझा सासरा त्याची कवळीपण बेल्जियमची सांगायचा. ठसा नाही, नाव नाही. बेल्जियम असेल, जपानही असेल. पण काम साफ आहे, आणि एकालाही टवका नाही म्हणजे घरात बाई शहाणी होती."

अण्णांनी नुसती मान हलवली.

तय्यबभाई एकेक पेला तपासत गेले. नखाने टिचकी मारायचे, कानाशी धरायचे, भिंगातून काठ बघायचे. बारावा हातात आल्यावर थांबले. खिडकीपाशी गेले, परत आले, आणि तो पेला त्यांनी रांगेत न ठेवता टेबलाच्या कोपऱ्यावर वेगळा ठेवला.

"अकरा तुमचे. हा पाहुणा."

"पाहुणा?" अण्णा खुर्चीत ताठ झाले. "बाराच्या बारा एका खोक्यातून आलेत. माझ्या वडिलांनी आणलेत."

"आणले असतील सर. एखादा फुटला असेल, मागून कुणीतरी जोड आणून भरला असेल. घराघरांत होतं. रंग बघा ना. अकरा पांढरे, हा जांभळा मारतोय. वेगळी भट्टी." त्यांनी हाताची घडी घातली. "अकराचे मी हजार देईन. बारा असते तर बावीसशे दिले असते. पुरा डझन म्हटला की मुंबईचं गिऱ्हाईक डोळे मिटून घेतं. अकरा दिसले की त्याला फक्त फुटलेला एक दिसतो."

"एकही फुटलेला नाही!" अण्णांचा आवाज चढला होता. मला आश्चर्य वाटलं, कारण पैशांसाठी त्यांचा आवाज चढत नसे. "विदू, तू सांग ह्यांना. तू तर सारखी हेच करतेस."

मी बॅगेतून माझं भिंग काढलं. अण्णांची बाजू घ्यायची होती असं नाही. पुरावा समोर असताना कुणी अंदाज सांगितला की मला गप्प बसवत नाही, एवढंच.

आधी मी रांगेतला एक पेला घेतला. साच्याला कुठे खड्डा किंवा चरा असेल तर त्यातून निघालेल्या प्रत्येक पेल्यावर तो उमटतो. शोधायला दहा मिनिटं लागली. सांध्याच्या रेघेपासून उजवीकडे चौथी शंकरपाळी, दुसरी ओळ. तिच्या खालच्या टोकाला खसखशीच्या दाण्याएवढा उंचवटा. दुसरा पेला घेतला. तोच उंचवटा, तिथेच. अकराही पेल्यांवर तो होता. मग मी कोपऱ्यावरचा पेला उचलला.

"चौथी शंकरपाळी, दुसरी ओळ," मी म्हणाले आणि भिंग तय्यबभाईंच्या हातात दिलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "अल्ला. आहे की."

"साचा एकच."

"साचा एक असेल, बेन. पण त्या साच्यात दुसऱ्या दिवशी दुसरी काच ओतली असेल. रंगाचं काय?"

प्रश्न बरोबर होता. मी विचारलं, "तुमच्याकडे निळा दिवा आहे का? जुनी काच तपासायचा?"

होता. अतिनील किरणांचा, बॅटरीवर चालणारा, साबणाच्या वडीएवढा. पण त्याला अंधार लागतो, आणि खोलीत फेब्रुवारीचं लख्ख ऊन होतं. शेवटी अण्णांनी त्यांची गोधडी आणली आणि आम्ही तिघं टेबलाशी वाकून डोक्यावरून ती पांघरून घेतली. आत नॅप्थालीनचा आणि तय्यबभाईंच्या अत्तराचा वास कोंडला.

"शेजारचे आले तर काय म्हणतील," अण्णा अंधारात पुटपुटले.

"सर, म्हणतील सासू-सुनेचं भांडण मिटवतायत. हलू नका."

दिवा लागला. रांगेतला पेला हिरवट उजळला. अगदी मंद, काजवा मिटताना असतो तसा. जांभळट पेला त्याच्या शेजारी सरकवला. तोही तसाच उजळला. एकेक करून आम्ही बाराही पाहिले. सगळे सारखे.

गोधडी बाजूला झाली तेव्हा तय्यबभाईंची टोपी तिरपी झाली होती. "हिरवं म्हणजे काय, बेन?"

"मँगनीज. वाळूत लोखंड असतं, त्यानं काच हिरवट होते. तो हिरवेपणा मारायला जुने कारखानदार मँगनीज घालत. बाराही पेल्यांत ते आहे. साचा एक, घातलेला माल एक. हे पेले एकाच वेळचे नाहीत असं म्हणायला मला काही कारण दिसत नाही."

"ऐकलंत?" अण्णा विजयाने म्हणाले. "बारा."

"मग एकटाच जांभळा का?" तय्यबभाईंनी विचारलं.

मी उत्तर द्यायला सुरुवात केली. कोर्टात साक्षीला उभी राहिले की मी जशी बोलते तशीच, पायरी पायरीने. "मँगनीज घातलेली काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की हळूहळू जांभळी होते. घरात, कपाटात नाही होत. उघडं ऊन लागतं. दहा वर्षं, वीस वर्षं. बुडाशी रंग जास्त आहे, कारण काच तिथं जाड आहे, आणि शिवाय…" मी पेला उलटा केला आणि भिंग लावलं. रांगेतल्या पेल्यांची बुडं मी मघाशी पाहिली होती. तबकावर, फळीवर ठेवून ठेवून त्यांना बारीक चरे पडले होते, काठ शाबूत होते. ह्याचं बूड जवळजवळ कोरं होतं. काठ मात्र गोलाकार खरवडलेला. "शिवाय हा पेला पालथा ठेवला जात होता. दगडावर. बूड वर, आकाशाकडे. म्हणजे बाकीचे अकरा आत होते आणि हा एकटा कितीतरी वर्षं बाहेर…"

मी पेला परत टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला.

रस्त्यावर कुणीतरी कल्हईवाला ओरडत गेला. अण्णांच्या चेहऱ्यावरचा विजय अजून पुरता उतरला नव्हता, पण ते आता पेल्याकडे बघत नव्हते.

"अण्णा," मी म्हणाले, "हा पेला ठेवायचे कुठे?"

प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडल्यावर मला कळलं की तो माझा नव्हता.

तय्यबभाई बॅग सावरत उठले. "गुंडाळायला रद्दी लागेल. खाली दुकान बघितलंय मी," असं म्हणून गेले. त्यांची पावलं जिन्यावरून उतरून गेल्यावर अण्णांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"मागच्या दाराबाहेर," ते म्हणाले. "पायरीशी भिंतीत कोनाडा होता. पश्चिमेला तोंड होतं त्याचं."

"केरबाचा पेला."

"हो."

"आणि तुम्ही अभ्यासाला कुठं बसायचात?"

"मी आत, खिडकीत. तो बाहेर पायरीवर. वही गजांतून जायची-यायची." त्यांनी बोटाने टेबलावर एक उभी रेघ काढली, तिच्या शेजारी दुसरी. "भूमिती त्यानं मला शिकवली, विदू. मी त्याला नाही. पाठ्यपुस्तकात नसलेली सिद्धता काढायचा आणि गजांतून वही सरकवून म्हणायचा, 'पाटी पुसून बघ.' पाणी लागलं की कोनाड्यातला पेला घ्यायचा. आई वरून तांब्यानं ओतायची. प्यायचा, विसळायचा, पालथा ठेवायचा."

"कुणी त्याला आत येऊ नको म्हणालं होतं?"

"कधीच नाही. म्हणायची गरजच नव्हती." त्यांनी दोन्ही रेघांवर तळवा ठेवला. "वडिलांना मी दोष देत नाही. तेवढ्यासाठी त्यांना गावानं छळलं. त्या काळी तेवढंही मोठं होतं."

"हो," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी तो पुढच्या दारानं आला. भूमितीत केंद्रात पहिला होता. वडिलांनी ओटीवर उभं राहून टाळ्या वाजवल्या, आईनं पेढा दिला. पेढा खाल्ल्यावर त्याला तहान लागली. घर सगळं उघडं होतं, सगळे हसत होते, मला वाटतं त्या दिवशी तो आत आला असता तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पण तो आपणहून घराला वळसा घालून मागं गेला. कोनाड्यातला पेला घेतला आणि परत पुढं येऊन आईसमोर धरला."

अण्णांचा हात टेबलावर तसाच होता, दोन रेघांवर.

"मी दारात उभा होतो. नुसतं 'आत ये' म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. म्हटलं, आज गर्दी आहे, उद्या म्हणू. उद्या तो पुण्याला गेला, फौजेत भरती झाला. पुन्हा भेट नाही."

"आणि पेला?"

"तिथंच राहिला. त्याला ती जागाच झाली होती. मागून कोण कोण आले त्यांना तोच. एकसष्ट साली घर विकलं तेव्हा तुझ्या आईनं तो आणला, चिंचेनं घासला आणि अकरांत ठेवून दिला. म्हणाली, बारा झाले. मला विचारलं नाही, की हा बाहेर का होता. मीही सांगितलं नाही. मग मी ती गोष्ट सांगायला लागलो. पेल्याची. गोष्टीत सगळं खरं आहे, विदू. फक्त कोनाडा गाळला."

मी भिंग बॅगेत ठेवलं. सांत्वनाचं एखादं वाक्य सुचलं असतं, पण ते अहवालातल्यासारखं झालं असतं. अण्णा मला त्या वेळी म्हातारे वाटले नाहीत. दारात उभा असलेला सतरा वर्षांचा मुलगा वाटले. आणि त्या मुलाला मी चांगली ओळखत होते. चार वर्षं मी 'उद्या'च म्हणत आले होते.

जिन्यावर पावलं वाजली. तय्यबभाई रद्दीचा गठ्ठा काखेत धरून धापा टाकत आत आले. "सर, तीन जिने! पाणी द्या आधी, धंदा मागून."

"बसा," अण्णा म्हणाले. मी उठणार तर त्यांनी हाताने थांबवलं. रांगेतले दोन पेले घेऊन ते माठापाशी गेले, भरून आणले, एक तय्यबभाईंना दिला आणि एक माझ्यासमोर ठेवला. मग परत आले, कोपऱ्यावरचा जांभळट पेला उचलला आणि तो स्वतःसाठी भरून आणला. उभ्यानेच प्यायला लागले. पहिल्या घोटाला थांबले, पेला जरा फिरवला, पुन्हा तोंडाला लावला आणि संपवला.

"काठ लागतो ओठाला," ते मला म्हणाले. "खरखरीत आहे. मला माहीतच नव्हतं."

तय्यबभाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. शहाणा माणूस होता. पाणी शांतपणे संपवलं, पेला अलगद टेबलावर ठेवला आणि मगच घसा साफ केला.

"तर सर, बेननी मला हरवलं. डझन पुरा आहे. बावीसशे म्हणालो होतो, बावीसशे देतो. जांभळ्यासकट. हो म्हणा, म्हणजे गुंडाळायला घेतो."

"मला नका विचारू," अण्णा म्हणाले. "खोक्यावर नाव तिचं आहे."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. एस.टी.त बसल्यापासून मी एक वाक्य तयार करत आले होते. ते 'अण्णा, असं आहे की' ह्या शब्दांनी सुरू होत होतं आणि त्यात तीन 'पण' होते. खोकं माझ्या पायाशी होतं. आईची शाई फिकी झाली होती, तरी वाचता येत होती. मी अण्णांच्या हातातला रिकामा पेला घेतला, पुसला आणि रांगेत, मधल्या मोकळ्या जागेत ठेवला.

"विकायचे नाहीत," मी म्हणाले. "मला लागणार आहेत."

"बाराही?" तय्यबभाईंनी विचारलं.

"बाराही." मग मी अण्णांकडे वळले. "अण्णा, मी लग्न करणार आहे. रत्नाकरशी. रत्नाकर साळवेशी."